बारावा पेला

प्रेमकथेची सुरुवात अंत्ययात्रेनं करू नये असा काही नियम नाही, आणि असलाच तर तो प्रियदर्शनीला कुणी सांगितला नव्हता.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. परतीचा पाऊस जातो जातो म्हणत पाहुण्यासारखा दारातच रेंगाळला होता. चर्चच्या पायऱ्या ओल्या होत्या आणि त्या पायऱ्यांवरून बयाबाईची शवपेटी खाली उतरत होती. बयाबाई म्हणजे चर्चच्या आवारात चाळीस वर्षं झाडलोट केलेली, मागंपुढं कुणी नसलेली म्हातारी. अशा माणसाला खांदा देण्यासाठीच तर संत योसेफ बंधुसभा होती. शहरातल्या मूठभर कॅथलिक घरांतल्या पुरुषांची ही जुनी संघटना. कुणी आजारी पडलं की दवाखान्यात बसायचं, कुणाकडं कार्य निघालं की मांडवाला उभं राहायचं, आणि कुणी गेलं की खांदा द्यायचा, एवढंच तिचं काम. अडचण अशी की सभेत आता नऊच माणसं उरली होती, आणि त्या नऊ जणांच्या अठरा गुडघ्यांपैकी धड म्हणावेत असे पाच होते. प्रियदर्शनीला हा आकडा पक्का ठाऊक होता, कारण ती फिजिओथेरपिस्ट होती आणि ते सगळे गुडघे तिच्याच राजारामपुरीतल्या क्लिनिकात यायचे.

तिसऱ्या पायरीवर सभेचे अध्यक्ष पिराजीकाका यांच्या उजव्या गुडघ्यानं राजीनामा दिला. पेटी कलली. छत्री धरून पुढं चाललेली प्रियदर्शनी किंचाळली, आणि –

फाटकाशी मोटारसायकलवर बसून मोबाइलवरचा नकाशा उलटासुलटा करणारा एक तरुण धावत आला. हेल्मेट त्यानं कट्ट्यावर ठेवलं की फेकलं, देव जाणे. पिराजीकाकांना अलगद बाजूला करून तो पेटीखाली शिरला.

“कंबर वाकवू नका!” प्रियदर्शनी ओरडली. “गुडघ्यात वाका! गुडघ्यात!”

“वाकलोय की!”

“अजून!”

“ओ मॅडम, आणि वाकलो तर मलाच आत घालाय लागंल!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. बहुधा फादरच असावेत. बयाबाई असती तर तीही हसली असती, असं वाटून प्रियदर्शनीला त्या पावसातही जरा बरं वाटलं.

दफनभूमीपर्यंतचा पाऊण किलोमीटर तो एकदाही खांदा न बदलता चालला. प्रियदर्शनी त्याच्या बाजूनं चालत होती. तिनं छत्री अर्धी त्याच्यावर धरली होती, आणि आपण का धरली आहे याचा विचार तिनं मुद्दामच केला नाही. सगळं आटोपल्यावर त्यानं नळावर हात धुतले, ओले हात शर्टालाच पुसले, आणि मग तिनं पिशवीतून सभेची जाडजूड वही काढली.

सभेची जुनी रीतच होती तशी. खांदा देणाऱ्याचं नाव त्याच दिवशी वहीत लागलं पाहिजे. पुढं तो सभासद होवो न होवो.

“नाव?”

“आग्नेल बारदेस्कर.”

“आजऱ्याचे?”

“वळखलंसा की!”

“आजऱ्यात दगड मारला तर बारदेस्करांच्याच कौलावर पडतो म्हणतात. इथं काय करता?”

“शिरोली एमआयडीसीत. फौंड्रीत मोल्डिंगला सुपरवायझर हाय. दोन वर्षं झाली.”

“दोन वर्षं? आणि चर्चमध्ये कधी दिसला नाहीत?”

तो हसला, पण उत्तर टाळून वहीतच डोकावला. वहीत चार रकाने होते. नाव, गाव, येण्याचं कारण, सोडण्याचं कारण.

“येण्याचं कारण काय लिहू?”

“खरं सांगू? रस्ता चुकलो. कास्टिंगचं सँपल पोचवायचं हुतं, त्या पार्टीचा पत्ता हुडकत आलतो.”

“असं लिहू?”

“लिवा की. मेलेल्या माणसाच्या कामात खोटं कशाला?”

तिनं लिहिलं. रस्ता चुकला. त्यानं शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. “आणि हे? आत्ता आलोय तवर सोडायचं?”

“सगळेच सोडतात,” ती म्हणाली. तिच्या आवाजातली चेष्टा जराशी विरली. “बघा ना. बदली. मुलगा पुण्यात. रुसवा. गुडघे, गुडघे, परत गुडघे. आणि या एकानं तर लिहायला लावलंय... चहा गार मिळतो.”

“मग गरम द्या की,” आग्नेल म्हणाला, आणि हेल्मेट घालून निघून गेला.

प्रियदर्शनी त्या दिवशी घरी आली तेव्हा तिची डावी बाही चिंब भिजलेली होती. छत्रीचा अर्धा भाग कुणाला दिला होता ते तिच्या वडिलांनी विचारलं नाही, पण बाहीकडं मात्र बघितलं.

वडील म्हणजे सायमन लोंढे. निवृत्त शिक्षक, सभेचे बावीस वर्षांचे सचिव, साऱ्या गावाचे मास्तर. त्या आठवड्यात मास्तरांची झोप उडाली होती. बिशप हाउसमधून पत्र आलं होतं. येत्या एकोणीस मार्चला, संत योसेफाच्या सणादिवशी, वेदीसमोर किमान बारा सभासदांनी उभं राहून वचन घेतलं नाही, तर सभा विसर्जित समजून वही कार्यालयात जमा करावी. पत्र अतिशय नम्र होतं. नम्र पत्रांचीच जास्त भीती वाटते.

मास्तरांनी मग काय काय करून बघितलं! रविवारची मिस्सा-प्रार्थना संपल्यावर आवाहन केलं, तेव्हा लोक चपला शोधण्यात गुंग होते. पत्रकं छापली, ती वडापाव बांधायला उपयोगी पडली. व्हॉट्सॲपवर गट काढला, त्यात त्रेसष्ट जणांनी हात जोडले आणि एकानंही पाय उचलला नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, मासिक बैठकीला, दारात आग्नेल उभा होता.

“आज रस्ता नाही चुकला?” प्रियदर्शनीनं विचारलं. सभासद पुरुषच असले तरी हजेरी, वही आणि चहा ही खाती तिच्याकडं होती.

“चुकलो की. पर आता मुद्दाम चुकलो.”

बैठक नेहमीसारखीच झाली. मागचा वृत्तान्त पाऊण तास वाचला गेला, तेवढ्यात कागदी कपांतला चहा थंड झाला, दोघांना डुलकी लागली. शेवटी मास्तरांनी विचारलं, नवीन पाहुण्यांना काही सुचवायचंय का?

आग्नेल उठला. “आमच्या फौंड्रीत झारखंडची, बिहारची पोरं येत्यात. चार महिने ऱ्हायली की पळत्यात. मग आम्ही एक केलं. परत्येकाच्या नावाचा पेला केला. स्टीलचा, नाव घालून. दुपारी सगळ्या पेल्यांत चहा वतायचा. जो आला न्हाई त्याचा पेला भरलेला दिसतोय. मग कुणीतरी जाऊन बघायचं, का आला न्हाई ते. बास. हजेरीपुस्तकानं माणूस टिकत न्हाई मास्तर. आपला पेला भरून ठेवलाय म्हटल्यावर टिकतंय.”

पिराजीकाकांनी डुलकीतून डोळे उघडून विचारलं, “पेला घरला न्यायचा का हितंच ठेवायचा?”

पंधरा दिवसांनी बोलावलेल्या जादा बैठकीला पेले आले. भांड्यांवर नावं घालणाऱ्या माणसाकडं बसून आग्नेलनं स्वतः ती घालून घेतली होती, टिकटिक टिकटिक ठिपक्यांची. त्यानं एकंदर बारा आणले होते. दहा नावांचे, दोन कोरे. त्या दोन कोऱ्या पेल्यांकडं मास्तर बराच वेळ बघत राहिले.

आणि नियम ठरला. जो येणार नाही त्याचा चहा थर्मासमध्ये भरून त्याच्या घरी पोचवायचा. त्याच दिवशी, तिघांनी मिळून. वरकरणी माया, आतून धाक! दारात तीन म्हातारे थर्मास घेऊन उभे राहिले, की पायताण शोधत धावत येण्यावाचून माणसाला गत्यंतर नसे. डिसेंबरच्या बैठकीला झाडून सगळे हजर होते. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं, असं मास्तरांनी वृत्तान्तात लाल शाईनं लिहिलं.

कोरे पेलेही फार दिवस कोरे राहिले नाहीत. आग्नेल आपल्या फौंड्रीतले दोघे घेऊन आला. टोप्पो आणि लकडा. दोघेही झारखंडचे, जन्मानं कॅथलिक, वर्षभर इथं राहून चर्च कुठं आहे हे न विचारलेले. विचारायची लाज वाटत होती, म्हणाले. पिराजीकाकांनी त्यांना आपल्या तुटक्या हिंदीत सभेचा इतिहास सांगितला. त्यांना त्यातलं काय कळलं ते योसेफालाच ठाऊक, पण आपलं नाव घातलेला पेला हातात आल्यावर टोप्पोनं तो शर्टाला पुसून पुसून लखलखीत केला.

बारा झाले. आता एकोणीस मार्चपर्यंत फक्त गळती लागू द्यायची नव्हती.

मधल्या काळात आग्नेलचा खांदा दुखू लागला.

“केव्हापासून?” क्लिनिकात प्रियदर्शनीनं विचारलं.

“बयाबाईपासनं.”

“दोन महिन्यांपूर्वीपासून. आणि आज आलात.”

“दुखणं अंगावर काढायची सवय हाय.”

तिनं खांदा दाबून बघितला, हात वर करायला लावला, मागं न्यायला लावला. मग हात बांधून उभी राहिली. “हा डावा आहे. तुम्ही उजवा दिला होता.”

आग्नेलनं अतिशय प्रामाणिकपणे आपल्या दोन्ही खांद्यांकडं आळीपाळीनं बघितलं. “मग... सरकलं असंल.”

“दुखणं?”

“व्हय. इकडनं... मधी सरकलं असंल जरा.”

मधे काय असतं ते फिजिओथेरपिस्टला सांगावं लागत नाही. प्रियदर्शनी इतकी हसली की बाहेर बसलेल्या पेशंटनं आत डोकावून बघितलं. पण तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आपलीही बोटं गरम झाली आहेत... आणि मघापासून आपण दुसऱ्याच पेशंटच्या फाइलवर त्याचं नाव लिहितो आहोत.

नाताळात तो गावाहून करंजीसारख्या नेवऱ्या घेऊन आला, आणि घनसाळ तांदळाची एक पिशवी. तो भात शिजताना लोंढ्यांच्या घरापासून गल्लीच्या तोंडापर्यंत वास सुटला. मास्तर दोनदा भात घेऊन जेवले. मग हात धुता धुता म्हणाले, “तांदूळ चांगला आहे. हेतू काय आहे?”

“कुणाचा?” प्रियदर्शनीनं विचारलं.

मास्तर हात पुसत आत गेले. जानेवारीत एका दुपारी त्यांनी तिला समोर बसवलं आणि ती वही उघडली. बारा-तेरा वर्षांपूर्वीचं पान. आदर्श नावाचा एक मुलगा. येण्याचं कारण, सेवाभाव. सोडण्याचं कारण मास्तरांच्याच अक्षरात होतं. ‘लग्न झाले. हेतू साध्य.’

“आपल्या खजिनदाराच्या मुलीसाठी आला होता,” मास्तर म्हणाले. “लग्न झाल्यावर परत तोंड दाखवलं नाही. आणि हा बघ, याला मुलीनं नकार दिला, तो पुढच्याच रविवारी गेला. दर्शनी, मला दिसत नाही असं नाही. तुझ्या मनात काय आहे ते मी विचारत नाही. पण त्यानं विचारलं, तर एकोणीस मार्चपर्यंत होही म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. हो म्हणालीस तरी एक पेला कमी होणार, आणि नाही म्हणालीस तरी.”

“पप्पा, हे बरोबर नाही.”

“नाहीच,” मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. “तुझ्या आईला कुणी उचललं, आठवतंय ना?”

तिला आठवत होतं. एकवीस सालचा तो मे महिना. कुणी कुणाच्या सावलीला उभं राहत नव्हतं. नातलग फोनवरच रडत होते. आणि दवाखान्याच्या मागच्या दारी प्लॅस्टिकचे अंगरखे घालून सभेचे चार जण उभे होते, घामानं निथळत. त्यांतल्या एकाला चालण्यावरून तिनं ओळखलं होतं. उजवा पाय ओढत चालणारे पिराजीकाका. त्या दिवशी त्यांच्या गुडघ्यानं राजीनामा दिला नव्हता.

वही मिटून तिनं कपाटात ठेवली, आणि मास्तरांनी तोच होकार समजला.

फेब्रुवारीचे दिवस मग मोठे विचित्र गेले. आग्नेल काहीतरी विचारायच्या बेतात असायचा आणि प्रियदर्शनी ते ऐकायच्या आधी उठायची.

“रंकाळ्यावर जाऊया का एक दिवस? मला एक विचारायचं हुतं...”

“बैठकीच्या विषयपत्रिकेवर घालू?”

“तसलं न्हवं ते.”

“मग ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये?”

“प्रियदर्शनी.” त्यानं पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली. “मला घाई न्हाई. फकस्त सांगा, मी दार वाजवतोय त्या घरात माणूस हाय का न्हाई?”

तिच्या घशाशी आलेलं ‘आहे’ तिनं चहाच्या घोटाबरोबर गिळलं. “थर्मास धुवायचाय,” म्हणाली आणि आत गेली. नळ सोडून ती नुसतीच उभी राहिली. ज्या माणसानं मेलेल्या बाईच्या कामात खोटं नको म्हटलं, त्याच्याशी आपण जिवंतपणी हे काय चालवलंय? तिला स्वतःचाच राग आला.

मार्चच्या पहिल्या रविवारी बैठक संपल्यावर तो पेले पुसत मागं थांबला, आणि तिनंच सगळं सांगून टाकलं. वडिलांचं म्हणणं, वहीतलं ते पान, हो नाही आणि नाहीही नाही. एका दमात. सांगून झाल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आग्नेल हातातला पेला फिरवत राहिला.

“म्हंजे मी बारावा,” तो म्हणाला.

“तसं नाही...”

“तसंच हाय की. फौंड्रीत हेडकाउंट म्हंत्यात त्याला.” त्याचा आवाज चढला नव्हता, त्याचंच तिला वाईट वाटलं. “दोन वर्षं मी चर्चला आलो न्हवतो, ठाव हाय का? कुणी विचारलंच न्हवतं कुठं असतोस म्हणून. बयाबाईचं वजन खांद्यावर आलं तवा वाटलं, आता आपुन या गावचं झालो. ते तुमच्यासाठी न्हवतं ओ. तुम्ही तर छत्री धरून निस्त्या वरडत हुतासा.”

त्यानं पेला उलटा करून फळीवर ठेवला आणि गेला.

त्यानंतर त्याचा फोन लागला, पण उचलला गेला नाही. चौदा तारखेला सणाच्या तयारीची बैठक झाली. अकरा पेले रिकामे झाले आणि एक तसाच राहिला. त्यावरची साय सुरकुतत गेली. टोप्पोनं सांगितलं, आग्नेलभाई कामावर येतात, पण जेवायला एकटेच बसतात. थर्मास घेऊन जायला कुणी उठेना. मास्तर तर मान खाली घालूनच बसले होते. आपल्या हातानं आपण एक पेला कमी केला, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

यंदा योसेफाचा सण आणि पाडवा एकाच दिवशी आले होते. सकाळी सातला प्रियदर्शनी स्कूटरवरून शिरोलीला निघाली, तेव्हा गल्लीगल्लीत गुढ्या उभ्या राहत होत्या, कडुलिंबाचा हिरवा वास होता, आणि तिच्या पायाशी थर्मास खुळखुळत होता. नियमानं तिघांनी जायचं असतं. पण काही चहा एकटीनंच न्यायचे असतात.

आग्नेल खोलीच्या दारात बॅगेची चेन ओढत होता. आठच्या गाडीनं आजऱ्याला निघाला होता. तिला बघून तो जागच्या जागी थांबला.

“थर्मास?”

“नियम आहे,” ती म्हणाली. तिनं पिशवीतून त्याच्या नावाचा पेला काढला आणि कट्ट्यावर ठेवून चहा ओतला. “आधी माझं ऐका. मिस्सा नऊला आहे. पप्पांनी सांगितलं होतं, उत्तर एकोणीस मार्चच्या नंतर द्यायचं. मी आधी देते.”

“प्रियदर्शनी...”

“मधे बोलू नका, मग मला जमायचं नाही. दार वाजवत होता ना? घरात माणूस आहे. पहिल्या दिवसापासून आहे. माझी डावी बाही भिजली, त्या दिवसापासून.” तिनं श्वास घेतला. “हो. माझं उत्तर हो आहे. तुम्ही आज आलात तरी हो, आजऱ्याला गेलात तरी हो. सभा राहिली तरी, बुडाली तरी. तुमचा हेतू साध्य झाला. आता यायलाच पाहिजे असं काही उरलं नाही.”

पेल्यातून वाफ निघत होती. कुठंतरी जवळच गुढीला घंटा वाजवून ओवाळत होते.

“लगेच काही बोलू नका,” ती स्कूटरकडं वळत म्हणाली. “चहा प्या, गार होईल. आणि पेला... परत द्यायचा असला तर सभेत द्या. नाहीतर ठेवून घ्या. नाव तुमचंच आहे.”

नऊची मिस्सा सुरू झाली. वचनाची वेळ आली तेव्हा बिशप हाउसहून आलेले पाहुणे यादी घेऊन उभे राहिले. मास्तर एकेक नाव पुकारू लागले. पिराजीकाका लंगडत उठले. एकामागून एक, मास्तर धरून, अकरा जण वेदीसमोर उभे राहिले, शेवटी टोप्पो आणि लकडा, इस्त्रीचे शर्ट घालून. मग मुद्दाम शेवटी ठेवलेल्या नावाशी मास्तर थांबले. त्यांनी कागद खाली केला.

“बारावं नाव वाचण्याआधी मला एक कबूल करायचंय,” ते म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात कधी कापला नव्हता, तसा कापला. “या माणसाला मी आकडा समजलो. चूक माझी होती. तो इथं नसेल तर ते माझ्यामुळं, आणि तसंच वहीत लिहावं. आग्नेल बारदेस्कर.”

चर्चमध्ये पंख्याचा तेवढा आवाज. प्रियदर्शनीनं डोळे मिटले. हो म्हणाल्याचा पश्चात्ताप तिला होत नव्हता. फक्त आई डोळ्यांसमोर आली, आणि त्या चौघांची घामेजलेली तोंडं.

“हाय की!” दारातून आवाज आला.

तो धापा टाकत उभा होता, केस ओले, हातात स्टीलचा पेला. सगळ्या माना वळल्या. “पेला परत द्यायला आलतो,” तो म्हणाला आणि मधल्या वाटेनं चालत पुढं आला. लकडानं सरकून जागा केली. मागच्या बाकांवरून कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ आहे, टाळ्या वाजवू नयेत, हे फादरही विसरले. बारा जणांनी हात पुढं करून वचन घेतलं तेव्हा मास्तरांना त्यातला एकही शब्द धड म्हणता आला नाही.

नंतर अंगणातल्या टेबलावर बारा पेले मांडले गेले आणि मास्तरांनी वही उघडली. आग्नेलच्या नावासमोरचं ‘रस्ता चुकला’ त्यांनी वाचलं, तसंच राहू दिलं. मग पट्टी घेतली, आणि शेवटच्या रकान्यात, सोडण्याचं कारण लिहायचं तिथं, एक लांबलचक आडवी रेघ ओढली.

“ही जागा लागणार नाही,” ते म्हणाले.

“मास्तर, जरा दमानं,” आग्नेल म्हणाला. त्यानं वाकून पिराजीकाकांकडं बघितलं, मग समोर चहा ओतत असलेल्या प्रियदर्शनीकडं. “चाळीस वर्षांनी गुडघ्यांचं काय हुईल, कुणी सांगावं?”

प्रियदर्शनीनं त्याचा पेला काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला.

“तुझ्या गुडघ्यांचं मी बघीन,” ती म्हणाली.